इलेक्ट्रिक कुकरला खोटी शिट्टी द्यावी का?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत डिझाइनला आहे. मिक्सर, इंडक्शन असली उपकरणं आम्ही करतो, बरीचशी दुसऱ्यांच्या नावाने विकली जातात. आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणायचा घाट घातलाय. याचं कसं असतं की आत सेन्सर असतो, प्रेशर हवं तेवढं झालं की हीटर आपोआप कमी होतो, म्हणजे जास्तीची वाफ बाहेर सोडायची वेळच येत नाही आणि त्यामुळे शिट्टी होत नाही. आम्हाला वाटलं हाच आपला हुकमी एक्का. आवाज नाही, कटकट नाही, लावा आणि विसरा.

चिंचवड-निगडीत ओळखीच्या काही घरांत वापरायला दिला. वरण-भात छान झाला असं सगळ्यांनी सांगितलं आणि आठवडाभरात बहुतेकांनी कुकर कपाटात ठेवून दिला. का, तर "झालं की नाही कळतच नाही". एका ठिकाणी तर शिजलेली डाळ परत गॅसच्या कुकरमध्ये घालून एक शिट्टी काढत होते, उगाच शंका नको म्हणून. एक आजी म्हणाल्या, "बाळा, सगळं चांगलंय रे, पण हा मुका आहे."

आता मार्केटिंगवाल्यांनी निष्कर्ष काढलाय की आपल्या प्रॉडक्टमध्ये "इमोशनल कनेक्ट" नाही. उपाय काय, तर आत छोटा स्पीकर बसवायचा आणि शिजताना शिट्टीचं रेकॉर्डिंग वाजवायचं. तीन वेळा. साहेबांना कल्पना जाम आवडलीय. मला मात्र ही फसवणूक वाटते. पण दुसरीकडे असंही वाटतं की लोकांना बरं वाटत असेल तर माझं काय जातंय?

तर प्रश्न असा की माणसाच्या भावनेला हात घालणारी वस्तू करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि खोटी शिट्टी द्यावी का?

टवाळ_बोका
द्या की. आणि प्रीमियम मॉडेलमध्ये तिसऱ्या शिट्टीनंतर आतल्या खोलीतून "अगं तीन झाल्या गं, लक्ष कुठंय!" असा सासूबाईंचा आवाज पण द्या. कनेक्ट म्हणजे असा कनेक्ट होईल की बस.

निवांत
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बोक्या, त्याला म्यूटचं बटण पण लागेल, आणि तेवढ्या बटणासाठी लोक दुप्पट पैसे देतील.

ठाण्याची_मावशी
मुका हा शब्द आजींनी अगदी बरोबर वापरलाय. भोसरीकर, तुम्ही कधी रोज सकाळी डबे भरायच्या घाईत कुकर लावलाय का? मी लावलाय, तीसेक वर्षं तरी.

शिट्टी आम्हाला गोड वाटते म्हणून हवी असते असं नाही हो. शिट्टी झाली की बाथरूममध्ये असले तरी कळतं. गॅलरीत कपडे वाळत घालताना कळतं. आणि मुख्य म्हणजे ती दुसऱ्यालाही ऐकू येते. माझे सासरे स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकायचे नाहीत पण पेपर वाचता वाचता शिट्ट्या मोजायचे आणि तिसरीला उठून गॅस बंद करायचे. मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून "दोन झाल्या आई" म्हणून ओरडायचा. घरातल्या कुणालाही हे काम सोपवून बाजारात जाता येतं. तुमच्या त्या कुकरवर काय आहे, तर एवढीशी स्क्रीन. ती मीच जाऊन बघायची, चष्मा लावून. म्हणजे कुकर लावा आणि विसरा नव्हे, कुकर लावा आणि त्याच्याभोवती घिरट्या घाला.

तुमच्या मार्केटिंगवाल्यांना सांगा, भावना वगैरे नंतर, आधी बायकांचं काम समजून घ्या.

कटिंगचहा
मावशींच्या प्रतिसादाला +१००. धागा वसूल.

रिटायर्ड_फिटर
सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. शिट्ट्या मोजून शिजवणं हीच मुळात ढोबळ पद्धत आहे. कुकरच्या आत वातावरणापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब जास्त असतो, त्यामुळे पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि अन्न लवकर शिजतं. दाब त्याच्या वर गेला की वरचं वजन उचललं जातं, वाफ सुटते, तीच शिट्टी. गॅस मोठा ठेवलात तर भराभर होतील, बारीक केलात तर पहिलीनंतर दुसरी होणारही नाही, पण आतलं तापमान दोन्हीकडे जवळपास तेच. म्हणून कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत मिनिटं दिलेली असतात. ती कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. शिट्टी होते तेव्हा ती एक गोष्ट नक्की सांगते, ती म्हणजे वाफेची वाट मोकळी आहे. डाळीचा फेस नळीत अडकला तर शिट्टी येत नाही, आणि जुन्या बायकांना लगेच कळतं की काहीतरी चुकलंय, त्या गॅस बंद करतात. तुमचा स्पीकर मात्र नळी तुंबलेली असली तरी मजेत शिट्टी वाजवणार. म्हणजे जिथे माणसाने घाबरायला हवं नेमक्या तिथेच तुम्ही त्याला "सगळं ठीक आहे" असं सांगणार. तुमच्या कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असेलच, तरीही माझा या कल्पनेला ठाम विरोध आहे.

भोसरीकर
फिटर काका, दंडवत. हा मुद्दा आमच्या मीटिंगमध्ये कोणाच्याच डोक्यात आला नव्हता, उद्या मांडतो. सेफ्टीचे दोन वेगळे व्हॉल्व्ह आहेत आणि सेन्सर गडबडला तर हीटर बंद होतो, पण तुम्ही म्हणता ते तत्त्व म्हणून पटलं.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. आमच्याकडे इलेक्ट्रिक कुकर आता घरोघरी आहेत, देशी-विदेशी सगळ्यांकडे. झाकणावर एक बारीकशी पिन असते, प्रेशर आलं की ती वर येते, पडलं की खाली जाते. सुरुवातीला आईला (इथे आली होती तेव्हा) अजिबात भरवसा वाटायचा नाही. मग मी तिला ती पिन दाखवली आणि तेव्हापासून ती येताजाता पिन बघायची, "आली गं वर" म्हणायची. म्हणजे आवाजच पाहिजे असं नाही, काहीतरी खरं हलताना दिसलं पाहिजे.

आणि उलटी गंमत म्हणजे माझ्या मुली इथेच जन्मल्या, त्यांना आजोळी गेल्यावर शिट्टीची भीती वाटते! कानावर हात ठेवून पळतात. आमच्या जुन्या अपार्टमेंटमधला शेजारी तर शिट्टी ऐकून काय झालं विचारायला आला होता. तेव्हा शिट्टीत उपजत असं काही नाहीये, सवयीने त्यात अर्थ भरलाय.

थिअरी_मास्तर
छान विषय. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने २००४ साली याची तीन पातळ्यांत मांडणी केली. पहिली, वस्तू दिसल्या-ऐकल्याबरोबर आतून जे वाटतं ते. दुसरी, ती वापरताना येणारा अनुभव, हाताला नीट बसते का, आपलं ऐकते का. तिसरी, नंतर मनात घोळते ती, म्हणजे ही वस्तू माझ्याकडे आहे याबद्दल मला काय वाटतं, मी चारचौघांत काय सांगतो.

याच्या आधीचा एक जपानी प्रयोग पण प्रसिद्ध आहे. १९९५ साली हिताचीच्या डिझाइन सेंटरमधल्या कुरोसू आणि काशिमुरा या दोघांनी एटीएमच्या स्क्रीनच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांना दाखवल्या. लोकांना ज्या सुंदर वाटल्या त्याच वापरायला सोप्या असतील असंही वाटलं. पुढे इस्राएलमध्ये ट्रॅक्टिन्स्कीने तोच प्रयोग करून पाहिला, त्याला वाटलं होतं तिकडची माणसं रोखठोक, त्यांना रंगरूपाचं काय पडलंय, तर तिथे तो परिणाम आणखी ठळक निघाला.

भोसरीकरांचं प्रॉडक्ट दुसऱ्या पातळीवर अडकलंय आणि मार्केटिंगवाले पहिल्या पातळीचं औषध देतायत, असं माझं निदान.

टवाळ_बोका
मास्तर, तीन पातळ्या म्हणजे तीन शिट्ट्याच की. पहिलीला दचकायचं, दुसरीला मोजायचं, तिसरीला धागा काढायचा.

थिअरी_मास्तर
बोका, हे मी माझ्या पुढच्या लेक्चरला ढापणार आहे, आधीच सांगतो.

नळस्टॉप
मला हे सगळं थोतांड वाटतं. वस्तू चांगली असेल, टिकाऊ असेल, भाव योग्य असेल तर लोक घेतात. भावना वगैरे एमबीए लोकांनी पगार चालू राहावा म्हणून काढलेलं खूळ आहे.

कोथरूडची_मी
नळस्टॉप, मग नॅनोचं काय? एका स्कूटरवर अख्खं कुटुंब पावसात भिजत चाललेलं बघून रतन टाटांना ती गाडी सुचली, २००८च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. इंजिनिअरिंग म्हणून कमाल होती, आत जागा भरपूर, माझी मामेबहीण अजून आठवण काढते. भाव तर काय, लाखाची गाडी. तुमच्या हिशोबाने धो धो खपायला हवी होती. २०१८ मध्ये उत्पादन बंद पडलं. टाटा नंतर स्वतः म्हणाले की सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून ती लोकांसमोर आली हे चुकलं. आपल्याकडे गाडी घेतली की पेढे वाटतात, हार घालतात, सोसायटीत सगळे बघायला येतात. "आम्ही सगळ्यात स्वस्तातली आणली" हे सांगत पेढा कोण वाटेल?

नळस्टॉप
बंगालमध्ये सिंगूरला कारखान्याच्या जमिनीवरून झालेलं आंदोलन, कारखाना गुजरातला हलवणं, सुरुवातीला पेटलेल्या गाड्या, हे सगळं पण होतं ना. एकच कारण काढून त्यावर थिअरी उभारायची म्हणजे सोयीचं. बाकी पेढ्याचा मुद्दा मान्य.

बालाघाटी
आमच्याकडचं उदाहरण देतो. गोदरेजने छोटूकूल नावाचा छोटा फ्रिज काढला होता, त्यासाठी आमच्या उस्मानाबाद भागात (आता धाराशिव) येऊन गावातल्या बायकांना बसवून विचारलं होतं, काय पाहिजे, कसा पाहिजे, रंगसुद्धा विचारला. झाकण वरून उघडणारं, कॉम्प्रेसर नाही, वजनाला हलका, बॅटरीवर पण चालणार. डोकं लावून केलेली वस्तू होती. पण मग गावापेक्षा शहरातच त्याला जास्त गिऱ्हाईक शोधायला लागलं, गाडीत ठेवायला, दुकानात ठेवायला.

माझं स्वतःचं मत सांगतो, कंपनीचं काय ते माहीत नाही. गावात फ्रिज हा थंड पाण्यासाठी नंतर, आधी तो हॉलमध्ये दिसायला हवा. पाहुणा आला की पहिली नजर त्याच्यावर गेली पाहिजे. वरून झाकण उघडणारा डबा "आमच्याकडे फ्रिज आहे" असं सांगू शकत नाही. गरिबाला गरिबासाठी बनवलेली वस्तू नको असते राव.

थिअरी_मास्तर
बालाघाटी, शेवटचं वाक्य म्हणजे तिसरी पातळी. जबरदस्त प्रतिसाद.

बुलेटवाला_सांगली
धाग्यात आवाजाचा विषय आणि बुलेटचं नाव नाही म्हणजे कमालच. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, किक मारायची म्हणजे ॲम्पिअरचा काटा बघून, नाहीतर उलटी किक पायावर. ऑइल गळायचं. एवढं सगळं सहन करून लोक का घ्यायचे, तर डग डग डग डग. नंतर नवीन इंजिन आलं, गळती गेली, सेल्फ आला, गिअर डावीकडे आला, सगळ्या दृष्टीने गाडी सुधारली. तरी आमच्यातले जुने लोक अजून म्हणतात की ती बुलेट राहिली नाही. अमेरिकेत हार्लेवाल्यांनी तर १९९४ साली इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता, बाकीच्या कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि शेवटी २००० साली अर्ज मागे घेतला. म्हणजे आवाजाला किंमत आहे भोसरीकर. द्या शिट्टी बिनधास्त.

रिटायर्ड_फिटर
बुलेटचा तो आवाज खरा होता. लांब स्ट्रोकचं, एका सिलिंडरचं, संथ फिरणारं इंजिन असं वाजणारच. स्पीकर लावून डग डग केलं असतं तर तुम्हीच आधी सायलेन्सर फेकून मारला असता.

चाकण_एनव्हीएच
माझं कामच हे. गाडीतला आवाज आणि थरथर. नाव सांगत नाही, चाकणलाच असतो.

फिटर काकांना वाईट वाटेल पण गाडीतले बरेच आवाज आता "खोटे" आहेत. इंडिकेटरचं टिक टिक घ्या. पूर्वी तो फ्लॅशर रिलेचा खरा आवाज असायचा, कॉन्टॅक्ट उघडायचा-बंद व्हायचा. आता दिवा इलेक्ट्रॉनिक्सवर लुकलुकतो, आवाज होण्याचं काही कारणच उरलं नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत ते टिक टिक स्पीकरमधून वाजवतात. कोणी तक्रार करतं का? उलट तो आवाज नसेल तर इंडिकेटर बंद करायचा विसराल. इलेक्ट्रिक गाड्यांना तर युरोपात २०१९ पासून कायद्यानेच कमी वेगात आवाज काढावा लागतो, रस्त्यावरच्या माणसाला आणि खास करून न दिसणाऱ्यांना गाडी आलेली कळावी म्हणून.

आता याच्याशेजारी बीएमडब्ल्यूची एम-फाइव्ह ठेवा. २०११च्या सुमाराला आलेल्या मॉडेलमध्ये टर्बो इंजिन आलं, केबिन शांत झाली, म्हणून इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडायला लागले. चाहते भडकले. दोन्हीकडे स्पीकरच आहे. पण टिक टिक तुम्हाला इंडिकेटर चालू आहे ही खरी बातमी देतं. एम-फाइव्हचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे बदलतो, म्हणजे तोही अगदी हवेतला नाही, पण त्यातून ड्रायव्हरला नवीन काही कळत नाही, फक्त इंजिन आहे त्याहून दांडगं वाटतं. तेव्हा आवाज कुठून येतो यापेक्षा तो कशाला बांधलाय हे बघा. सेन्सरला बांधलात तर चालेल. टायमरला बांधलात तर फिटर काका बरोबर आहेत.

ठाण्याची_मावशी
वा, हे मला नीट कळलं. आमच्या वॉशिंग मशीनचं पण तसंच आहे, धुणं झालं की गाणं म्हणतं. आधी वैताग यायचा, आता ते वाजलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

कोथरूडची_मी
अवांतर: इलेक्ट्रिक चेतक २०२० साली आली तेव्हा बाबांना दाखवायला नेलं होतं. बॉडी पत्र्याची आहे म्हटल्यावर बोटाने टकटक करून बघितलं आणि खूश. मग विचारतात, "पण ही जुन्या चेतकसारखी तिरकी न करता चालू होते?" त्यांना तेवढंच खटकलं होतं.

बुलेटवाला_सांगली
हहपुवा. तिरकी केल्याशिवाय चालू होणारी चेतक, धर्म बुडाला.

गूळपोळी
तुम्हाला ती केक मिक्सची गोष्ट माहितीय का? अमेरिकेत पाणी घातलं की झालं असं केकचं पीठ निघालं, खपेना. मग मानसशास्त्रज्ञांनी शोधलं की बायकांना अपराधी वाटतंय, स्वतः काही केलंच नाही म्हणून. मग पिठातली अंड्याची पावडर काढली आणि सांगितलं अंडं तुम्ही फोडून घाला, आणि खप एकदम वाढला. तसं काहीतरी करा कुकरमध्ये, बाईला एखादं बटण दाबू द्या.

थिअरी_मास्तर
गूळपोळी, ही गोष्ट प्रत्येक मार्केटिंगच्या वर्गात सांगतात पण ती इतकी सरळ नाही. डफ नावाच्या कंपनीने १९३०च्या दशकातच ताजं अंडं घालायच्या मिक्सचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे त्या मानसशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी. आणि ताज्या अंड्याने केक चवीलाही बरा होतो हे साधं कारण आहेच. अर्न्स्ट डिक्टर नावाच्या सल्लागाराने १९५०च्या दशकात त्याला मानसशास्त्राचा मुलामा दिला आणि गोष्ट त्याच्या नावावर चिकटली.

ठाण्याची_मावशी
बटण दाबायला देऊन बाईला समाधान मिळेल असं ज्यांना वाटतं त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

पण आपल्याकडे खरोखर आपलेपणा येतो ते सांगू का, भांड्यावर घातलेल्या नावाने. आमच्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर टिंब टिंब करून नाव आहे, "चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट", खाली तारीख. भांड्याच्या दुकानातच मशीन घेऊन माणूस बसलेला असायचा. कुठल्याही कंपनीने हे ठरवून दिलेलं नव्हतं. आणि मुळात कारण काय, तर कार्याला भांडी एकमेकांकडे जायची, ती परत यावीत. पण आज मामा नाही, आणि ते पातेलं मी मोडीत घालू शकत नाही, बूड गेलं तरी.

निवांत
मावशी, आमच्या घरी "कै." लिहिलेल्या माणसाच्या स्मरणार्थ मिळालेल्या ताटल्यांत आम्ही रोज जेवतो. पाहुणे पोहे खाऊन संपवतात आणि तळाशी कुणाचं तरी निधन निघतं.

टवाळ_बोका
निवांतरावांना आजचं ताट बक्षीस.

हिंजवडी_यूएक्स
उशिरा आले, पण एक वेगळी बाजू मांडते. मी ॲप डिझाइन करते, आणि आमच्या धंद्यात "इमोशनल कनेक्ट" हा शब्द ऐकला की मला आधी धडकी भरते, कारण त्याचा अर्थ बऱ्याचदा माणसाला अपराधी वाटायला लावणे असा असतो. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हणायचं तर बटणावर "मी असुरक्षितच राहीन" असं लिहायचं. "फक्त दोनच शिल्लक" म्हणून घाबरवायचं. हे भावनेचंच डिझाइन आहे, आणि चालतं, हे दुर्दैव. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिलेत, आणि लाज वाटायला लावून हो म्हणवणं हा त्यातला एक. विम्याचं उदाहरण त्यातच आहे.

म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारते, ही युक्ती मी वापरणाऱ्याला समोर बसवून समजावून सांगू शकते का? एडिसनकरांनी आईला पिन समजावली, तिचा विश्वास वाढला. चिंचवडच्या त्या आजींना सांगून बघा की आजी, हे रेकॉर्डिंग आहे बरं का. काय म्हणतील?

भोसरीकर
आजी काय म्हणतील ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील.

नळस्टॉप
यूएक्स ताई, इतका कडक सोवळेपणा नको. दुकानदारांकडचा तो यूपीआयचा डबा "वीस रुपये प्राप्त झाले" म्हणतो तेव्हा खरे पैसे खात्यात आलेले असतात, पण तो बाईचा आवाज तर रेकॉर्ड केलेलाच आहे ना. आमच्या भाजीवाल्याला त्याच्यामुळे हात ओले असताना मोबाईल बघावा लागत नाही. त्याला विचारा हे फसवणूक आहे का.

हिंजवडी_यूएक्स
नाही, ते उत्तमच आहे की. चाकणकरांनी सांगितलं तेच, आवाज खऱ्या बातमीला बांधलाय. तुम्ही मघाशी भावना थोतांड म्हणालात आणि आता आमच्याच बाजूचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिलंत.

नळस्टॉप
थोतांड अजूनही म्हणतो. भाजीवाल्याला भावना नाही, खात्री पाहिजे.

नाशिकची_रेडिओग्राफर
खात्री ही भावनाच आहे की, नळस्टॉप. माझ्या रोजच्या कामातून सांगते.

एमआरआयचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, धाड धाड धाड. मोठी माणसं घाबरतात, लहान मुलांना तर बऱ्याचदा झोपेचं औषध द्यावं लागतं, कारण हललं की फोटो बिघडतो. अमेरिकेत जीई कंपनीत डग डीट्झ म्हणून डिझायनर होते, त्यांनी आपणच केलेलं मशीन बघून रडणारी मुलगी पाहिली आणि मग मुलांच्या हॉस्पिटलांसाठी खोल्याच बदलल्या. मशीनला समुद्री चाच्यांचं जहाज केलं, भिंतीपासून जमिनीपर्यंत चित्रं, आणि तंत्रज्ञांना सांगायला गोष्टी दिल्या. आतलं मशीन तेच. आवाज तोच, तो लपवला नाही, त्याला गोष्टीत जागा दिली, म्हणजे आता जहाजाचा आवाज होणार, तू हलायचं नाहीस. पिट्सबर्गच्या हॉस्पिटलमध्ये झोपेचं औषध द्यावं लागणाऱ्या मुलांची संख्या खूप कमी झाली.

आमच्याकडे असलं जहाज नाही आणि यायची शक्यताही नाही. पण मी मुलांना आधी बाहेर बसवून मोबाईलवर तो आवाज ऐकवते आणि विचारते, कशासारखा वाटतो? कोणी जेसीबी म्हणतं, कोणी ढोल. मग आत गेल्यावर तो त्यांचा जेसीबी असतो. फुकटात होतं.

भोसरीकर, तुमच्या मशीनमध्ये खरे आवाज काय काय होतात? ते आधी ऐका. तुमचा कुकर खरंच मुका आहे का तुम्ही त्याचं तोंड दाबलंय?

भोसरीकर
सगळ्यांचे आभार. दोन-तीन दिवस ऑफिसात हेच चाललं होतं म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला, मोबाईलवरून टंकतोय, चुका माफ.

रेडिओग्राफर ताईंचा प्रश्न वाचून कुकर चालू करून शेजारी बसलो. आवाज आहेत. तापताना हलकी खुसखुस, पिन वर चढताना टक्, रिले पडताना टिक. हे सगळे दाबायला आम्हीच झाकणाखाली रबर घातलंय, शांत कुकर विकायचा म्हणून.

साहेबांसमोर फिटर काकांचा तुंबलेल्या नळीचा मुद्दा मांडला. स्पीकरची शिट्टी तिथल्या तिथे रद्द झाली, साहेबांना कोर्टाची भीती भावनेपेक्षा लवकर कळते. मग चर्चा अशी निघाली की खरीच वाफ सोडायची. पूर्ण प्रेशर आलं की सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) अर्धा सेकंद उघडायचा, वाफ एका छोट्या पितळी शिट्टीतून जाईल. शिजून झालं की परत एकदा. म्हणजे शिट्टी खरी, आणि नळी मोकळी असल्याशिवाय वाजणारच नाही. एक नमुना करून पाहिला, भाताला झकास वाजला. तूरडाळीला फेस वर येऊन व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकला आणि शिट्टीऐवजी ओट्यावर पिवळा फवारा. शिवाय खर्च वाढतोय तो वेगळाच.

रिटायर्ड_फिटर
दिशा योग्य आहे. सोलेनॉइड काढा, डाळीच्या फेसापुढे तो टिकणार नाही. साधं वजनच ठेवा, आणि सेन्सरचा कट-ऑफ (ज्या दाबाला हीटर कमी होतो तो आकडा) वजनाच्या दाबापेक्षा किंचित वर घ्या, फक्त पहिल्यांदा. म्हणजे एकदा वजन उचलेल, शिट्टी होईल, मग हीटर खालच्या दाबावर सांभाळत राहील. जास्तीचा भाग एकही लागत नाही, फक्त प्रोग्रॅम बदलायचा. पण तो वरचा आकडा सेफ्टी व्हॉल्व्हच्या खूप खाली राहिला पाहिजे, हे लॅबमध्ये तपासल्याशिवाय कोणाच्या घरी देऊ नका. आणि नळीच्या तोंडाला आतून जाळीची टोपी बसवा, काढून धुता येईल अशी.

चाकण_एनव्हीएच
फिटर काका, हे भारी आहे. भोसरीकर, झाकणाखालचं रबर पण अर्धं काढा. पिनेचा टक् फुकट मिळतोय तो का घालवता? दुसऱ्या खोलीत ऐकू येतो का ते मोजायला लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डेसिबल मीटर घेऊन येईन.

ठाण्याची_मावशी
पण एकाच शिट्टीने काय मोजणार? आमच्याकडे भाताला दोन, डाळीला चार, राजम्याला देवाला माहीत.

भोसरीकर
मावशी, मोजायचं नाहीच, शिजून झालं की तो स्वतःच बंद होतो. पहिली शिट्टी म्हणजे प्रेशर आलं, आणि शेवटी बझर म्हणजे झालं.

ठाण्याची_मावशी
ते तुम्ही म्हणताय. सासरे असते तर म्हणाले असते एकच झाली, अजून दोन बाकी आहेत, हात लावू नका. नमुना तयार झाला की ठाण्याला एक पाठवा, मी राजमा लावून सांगते. आणि शेवटच्या बझरचा आवाज ओव्हनसारखा किरकिरा ठेवू नका, आमच्या शेजारच्या ओव्हनचा आमच्या घरात येतो.

भोसरीकर
नक्की पाठवतो. पण राजमा आदल्या रात्री भिजवा हं, न भिजवता लावून आमच्यावर ढकलू नका.